एमिल यानोस्कोंची दोन बोटं

मिस्टर यानोस्को आमच्या समोरच्या घरात राहतात. मी पहिलीत होते तेव्हा ते आमच्या शाळेची बस चालवायचे. माझा मुलगा कोरी पहिलीत गेला तेव्हाही तेच चालवायचे. मधल्या काळात त्यांच्यात बदल झाला तो एवढाच, की पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं. त्यामुळे माझे स्वतःचे केस पांढरे झाले तरी मला त्यांना नावाने हाक मारता येत नाही, आणि त्यांना मला 'पोरी' म्हटल्याशिवाय राहवत नाही.

त्यांची ख्याती होती ती डाव्या हाताच्या दोन बोटांची. आमच्या पिट्सबर्गमध्ये सिग्नल हिरवा झाला की समोरून डावीकडे वळणाऱ्या पहिल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं आणि मग आपण सरळ निघायचं. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावीकडे वळायचं म्हणजे समोरच्यांच्या वाटेत आडवं जायचं. वाट दिली नाही, तर वळणारा बिचारा तिथेच म्हातारा होईल. कायद्यात ही रीत कुठेही नाही, उलट पोलिसाने मनात आणलं तर दंड करू शकतो. पण जो वाट देत नाही तो आमच्याकडे शेजारच्या ओहायो राज्यातून आलेला समजला जातो, आणि याहून वाईट शिवी आमच्या गल्लीत नाही.

ही परवानगी द्यायची ती हाताने. कुणी अख्खा पंजा हलवतं, कुणी नुसती मान. मिस्टर यानोस्को स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायचे, तीही जेमतेम. तेवढ्या भरवशावर लोक त्यांच्या बससमोरून निर्धास्त आडवे जायचे. आम्ही पोरं मागच्या सीटवर त्यांची नक्कल करायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. माणूस साधा होता, पण त्या दोन बोटांचा त्यांना भलता गर्व होता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या बायकोला, इर्माला, स्वयंपाकघरात कसं वळायचं ते शिकवायला घेतलं. महिनाभरातच इर्माने वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. नदीकाठच्या जुन्या पोलादाच्या गोदामात एक कंपनी आली होती. आपोआप चालणाऱ्या गाड्या बनवायची. गाडी स्वतःच चालणार होती, पण तूर्तास तिच्या स्टिअरिंगमागे बसायला त्यांना एक माणूस हवा होता.

"काम काय?" मिस्टर यानोस्कोंनी विचारलं.

"काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

"आणि?"

"आणि लक्ष ठेवायचं. एमिल, जे तू घरी फुकट करतोस त्याचा तिथे पगार आहे. जा."

ते गेले. कंपनीने त्यांना छातीवर नाव शिवलेलं निळं जाकीट दिलं आणि नियम शिकवला. हात मांडीवर ठेवायचे, पाय ब्रेकच्या वर अधांतरी धरायचा आणि जिवावर बेतल्याशिवाय कशालाही शिवायचं नाही. माणसाने गाडीला हात लावला की कंपनीच्या खाती एक नापासाची खूण पडे. इतक्या मैलांत आमच्या माणसाला एकदाही हात लावावा लागला नाही, हे सांगूनच कंपनी पैसेवाल्यांकडून पैसे उभे करायची. आता जो हात लावेल त्याला साहेब कोणत्या नजरेने बघत असतील ते मी वेगळं सांगत नाही.

खोटं कशाला बोलू, गाडी वाईट नव्हती. रुंद रस्ता, कोरडी हवा आणि ठळक पट्टे असले की ती माझ्या नवऱ्यापेक्षा बरी चालायची. एकदा पुलावर मिस्टर यानोस्कोंना चक्क डुलकी लागली, तर तिने त्यांना न उठवता पलीकडे नेऊन सोडलं. पण तिला जगात जे जे भेटेल त्याला काही ना काही नाव द्यायची खोड होती. डोक्यावर बादलीसारखं काहीतरी गरगर फिरायचं आणि आत पडद्यावर नावं उमटायची. एका सकाळी इर्मा कचऱ्याचा डबा ओढत रस्त्याकडेने चालली होती. पडद्यावर आलं, 'सायकल'.

मिस्टर यानोस्कोंनी हे घरी सांगायला नको होतं.

"मी सायकल?" इर्मा दारातून ओरडली, ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. "पंचेचाळीस वर्षं तुझे मोजे धुतले, आणि मी सायकल?"

खरी पंचाईत हिवाळ्यात झाली. आमच्याकडे बर्फ पडला की आपल्या घरासमोरची जागा आपण फावड्याने उकरून काढतो, आणि गाडी घेऊन बाहेर जाताना त्या जागेत घरातली एक खुर्ची ठेवून जातो. खुर्ची दिसली की जागा दुसऱ्याची. मग सख्खा भाऊ का येईना, तो पुढे जाऊन गाडी लावणार. मिस्टर यानोस्कोंची खुर्ची पिवळ्या प्लास्टिकच्या सीटची होती आणि ती त्यांच्या लग्नापासून घरात होती. कंपनीची गाडी पहिल्या बर्फानंतर आमच्या गल्लीत आली ती त्या खुर्चीपाशी थांबली आणि थांबूनच राहिली. पडद्यावर आलं होतं, 'पादचारी'. खुर्ची रस्ता ओलांडेल म्हणून ती वाट बघत होती. मागे पाच गाड्या तुंबल्या. मिस्टर यानोस्को नियमाप्रमाणे हात मांडीवर ठेवून आपल्याच खुर्चीकडे बघत बसले होते, आणि इर्मा खिडकीतून त्या दोघांकडे.

कंपनीचा साहेब होता ट्रिस्टन, कॅलिफोर्नियाचा. वय तिशीच्या आतलं, पायात बर्फातही कापडी बूट. त्याने तोडगा काढला.

"खुर्च्या उचलून टाकू. मिस्टर यानोस्को, चाचणीच्या आधी तुम्ही गल्लीतून एक फेरी मारा आणि सगळ्या फुटपाथवर सरकवून ठेवा."

"दुसऱ्याची खुर्ची?"

"नुसत्या खुर्च्या तर आहेत."

"साहेब, मला चर्चमधला चांदीचा पेला चोरून आणायला सांगा, विचार करतो," मिस्टर यानोस्को म्हणाले. "खुर्ची मी हलवणार नाही."

शेवटी कंपनीने आमच्या गल्लीपुरती खुर्चीची गाडीला ओळख करून दिली. चार हुशार इंजिनिअर महिनाभर खुर्च्यांचे फोटो काढत हिंडले. त्यानंतर गाडी खुर्चीला ओळखायला लागली, आणि एका रविवारी फुटपाथच्या कडेवर टेकलेल्या, कोपऱ्यावरच्या घरातल्या म्हाताऱ्या मिसेस पावलिकना खुर्ची समजून त्यांच्या अगदी नडगीला घासून गेली.

इथपर्यंत सगळी करमणूकच होती. मीही हसत होते. मग एका संध्याकाळी कोरी जेवताना म्हणाला, "आई, या उन्हाळ्यात वाळवंटात सराव आहे आमचा. तिथे आमच्याबरोबर गाडेही असणार, आपोआप चालणारे."

कोरी कॉलेज करतो आणि राखीव सैन्यात आहे. महिन्यातून एकदा गणवेश घालून जातो आणि मी तो परत येईपर्यंत घरातली कपाटं लावत बसते.

"कसले गाडे?"

"सामान वाहणारे. वर बंदूकही असेल. आम्ही पुढे चालायचं, हाताने खूण करायची, थांब, ये, वळ. ते मागून येणार."

"मागून? बंदूक घेऊन तुमच्या पाठीमागून?"

"आई, ते आपली माणसं ओळखतात."

"कोण ओळखतं?"

"कॅमेरा. अगं, तीच कंपनी आहे, मिस्टर यानोस्कोंची. गाडीतला जो हात ओळखणारा भाग आहे ना, तोच गाड्यात बसवणार. मार्चमध्ये कर्नल येणार आहेत गाडी बघायला. पसंत पडली की झालं." एवढं सांगून त्याने तिसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले.

ज्या कंपनीला इर्मा सायकल वाटते, ती माझ्या मुलाच्या पाठीमागे बंदूक सोडणार होती.

कंपनीने चर्चच्या सभागृहात रहिवाशांची एक सभा घेतली होती, तिथे मी गेले. ट्रिस्टनने पडद्यावर सुंदर चित्रं दाखवली. त्यांत बर्फ नव्हता, चढ नव्हता, माणसंही फारशी नव्हती. पुढच्या वर्षी स्टिअरिंगमागे माणूस लागणारच नाही, असं तो म्हणाला.

"गेल्या वर्षी पण तू पुढचं वर्ष म्हणाला होतास," इर्मा म्हणाली.

"आता आम्ही खूपच जवळ आलो आहोत."

"बस थांब्यावर उभं असलं की मलाही तसंच वाटतं."

हशा ओसरल्यावर मी उठले. "हात वर केलेला माणूस समोर आला, तर यंत्राला काय कळतं?"

"चांगला प्रश्न आहे," ट्रिस्टन म्हणाला. चांगला प्रश्न म्हटलं की उत्तर वाईट असणार, हे मला पालकसभांमुळे ठाऊक आहे. "हाताच्या खुणा आमची यंत्रणा शंभरात चौऱ्याण्णव वेळा बरोबर ओळखते."

"आणि उरलेल्या सहा वेळा?"

"त्या आम्ही अजून शिकतोय."

"कुणावर?"

तो घोटभर पाणी प्यायला आणि त्याने पुढचं चित्र लावलं.

दुसऱ्या दिवशी मी कोबी आणि लोण्यातल्या शेवयांची हालुश्की केली, भांडं भरून मिस्टर यानोस्कोंकडे नेली आणि त्यांच्या समोर बसले.

"मला खरं सांगा. हात ओळखते का हो ती?"

"पोरी, आतलं काही बोलायचं नाही अशी सही घेतलीय माझी."

"मी काय रशियाला कळवणार आहे? कोरी चालणार आहे तिच्यापुढे."

त्यांनी काटा खाली ठेवला, पुन्हा उचलला. "बहुतेक वेळा ओळखते. अगदी बहुतेक वेळा."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर मी असतो ना."

"तिथे वाळवंटात कोण असणार?"

त्यांनी आधी सगळं भांडं संपवलं. मग जाकिटाच्या बाहीने तोंड पुसत म्हणाले, "ट्रिस्टन म्हणतो, कर्नलच्या दिवशी हात मांडीवरून हलला नाही तर मला कायमचं ठेवतील. नव्या ड्रायव्हरांना शिकवायला."

"काही न करायला शिकवायचं?"

"ते वाटतं तितकं सोपं नाही," ते दुखावून म्हणाले.

मी दार आपटून बाहेर आले. जाताना त्यांच्या खुर्चीला लाथ मारावीशी वाटली होती. पण खुर्ची ती खुर्ची.

कर्नल आले तो ईस्टरआधीच्या उपवासातला शुक्रवार होता. त्या दिवशी आमच्याकडे कुणी मांस खात नाही, मासे मात्र चालतात, आणि चर्चच्या सभागृहात तळलेल्या माशांची पंगत असते. मी दोन मोठे ट्रे हालुश्की मागच्या सीटवर ठेवून निघाले होते. चौकात लाल सिग्नल होता. मला डावीकडे वळायचं होतं. समोर पाहिलं तर पांढरी गाडी, डोक्यावर फिरती बादली. आत मिस्टर यानोस्को, दाढी केलेले, हात मांडीवर ठेवून फोटोला बसल्यासारखे. मागे ट्रिस्टन आणि गणवेशातला एक उंच माणूस.

माझ्या मनात आलं, आज हिने कुणालाही ओळखू नये. कुत्र्याला ढग समजावं आणि तिथेच फतकल मारून बसावं.

सिग्नल हिरवा झाला.

आणि मिस्टर यानोस्कोंची दोन बोटं वर आली.

स्टिअरिंगवरून नाही, मांडीवरून, काचेतून जेमतेम दिसतील इतकी. पण तीच बोटं, तेवढीच वर. मी सहा वर्षांची असल्यापासून ती बोटं बघत आलेय. विचार करायचा प्रश्नच नव्हता. मी वळले.

आता यातली गंमत अशी की, गाडी मिस्टर यानोस्को चालवतच नव्हते. आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी मला वाट दिली, पण ती वाट द्यायची सत्ता त्यांच्या हातात नव्हती. ज्याच्या हातात होती त्याला बोटं दिसली नाहीत, कारण त्याचे सगळे डोळे बाहेर होते आणि बोटं आत. गाडीने हिरवा दिवा पाहिला, नियम पाहिला आणि मिस्टर यानोस्कोंनी मला दिलेला शब्द तुडवत सरळ निघाली.

मी चौकाच्या मधोमध आडवी होते. पांढरं नाक माझ्या दाराकडे येताना दिसलं. मिस्टर यानोस्कोंचा चेहराही दिसला, बर्फासारखा पांढरा. आणि मग ते हात, जे हलले नसते तर कायमची नोकरी होती, दोन्ही स्टिअरिंगवर आले. पाय ब्रेकवर पडला. गाडी घसरत फिरली, माझ्या मागच्या दिव्याला चाटून गेली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात घुसली. एका उकरलेल्या जागेतली लाकडी खुर्ची तिच्याखाली काडकन मोडली.

माझ्या मागच्या सीटवरची हालुश्की पुढच्या काचेवर होती. मी कशीबशी उतरले. ट्रिस्टन आधीच ओरडत होता.

"हात का लावला? का लावला हात?"

"पायही लावला," मिस्टर यानोस्को म्हणाले.

"आणि तिला खूण कशाला केलीत? गाडी तुम्ही चालवत नव्हता!"

"हात माझाच होता ना. मी तिला जा म्हणालो होतो."

एवढ्यात मिसेस पावलिक घरातल्या सपाता घालून बाहेर आल्या. चौकात आडवी गाडी होती, रडवेली मी होते, नाक धरलेला कर्नल होता. त्यांनी या कशाकडेही पाहिलं नाही. "माझी खुर्ची कोणी मोडली?" त्या म्हणाल्या, आणि मिस्टर यानोस्कोंनी त्या सबंध दिवसात पहिल्यांदा मान खाली घातली.

कर्नलचं नाक पुढच्या सीटवर आपटून फुटलं होतं. रुमाल दाबून धरत त्यांनी ट्रिस्टनला विचारलं, "तुमच्या यंत्राला ही बाई दिसली होती का?"

ट्रिस्टनने पडदा पाहिला. त्याचा चेहरा उजळला. "हो, हो! अगदी स्पष्ट दिसली होती. मोटार म्हणून बरोबर ओळखलीय."

"मग थांबलं का नाही?"

"तिने थांबायला हवं होतं सर. नियम तसाच आहे. ती थांबेल असं यंत्राने धरलं होतं."

"आणि समोरच्याला तुमचा नियम माहीतच नसेल तर?"

"ते आम्ही शिकतोय सर."

मी मध्ये पडले. "साहेब, माझा मुलगा उन्हाळ्यात तुमच्या सरावाला येणार आहे. याच्या पुढे चालणार आहे तो, हात वर करून."

"सगळी काळजी घेतली जाईल, मॅडम," कर्नल म्हणाले. पण रुमालातून बोलल्यामुळे ते त्यांना स्वतःलाही फारसं पटलेलं दिसलं नाही.

महिन्याभरात कंपनीचा अहवाल आला. दोष मानवी चुकीचा, असं त्यात होतं. स्टिअरिंगमागच्या माणसाने अधिकार नसताना खूण केली, समोरच्या बाईने नियम मोडला, यंत्राने मात्र सर्व गोष्टी बरोबर केल्या. म्हणजे त्या चौकातून दोन्ही माणसं काढून टाकली असती तर प्रयोग शंभर टक्के यशस्वी होता. एका माणसाला त्यांनी काढून टाकलंच. मिस्टर यानोस्कोंकडून जाकीट परत मागितलं. इर्माने ते धुऊन, इस्त्री करून, खिशात एक मोजा टाकून पाठवलं. दुसऱ्या दिवशी मिस्टर यानोस्को आपली लग्नातली पिवळी खुर्ची उचलून मिसेस पावलिककडे पोचती करून आले.

आणि कंत्राट? कंत्राट कंपनीला मिळालं. असल्या गोष्टी नाकावर आपटून थांबत नाहीत. फक्त कर्नलनी त्यात एक ओळ घालून घेतली, शस्त्र पुढच्या टप्प्यात बसवावं आणि सध्या गाड्यांनी पाणी वाहावं. कंपनीने पेढे वाटावेत तशा टोप्या वाटल्या. पुढच्या वर्षी बंदूक नक्की, असं ट्रिस्टनने सांगितल्याचं वर्तमानपत्रात आलं. पुढचं वर्ष म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं.

तरी कोरी सरावाला गेला तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पाण्याचा गाडाही अंगावरून जाऊ शकतो. मी फोन हातात घेऊन घरभर फिरत होते. शेवटी एका रविवारी त्याचा फोन आला. तो इतका हसत होता की आधी मला तो रडतोय असं वाटलं.

"आई, ऐक. आज गाडा हरवला."

"हरवला म्हणजे?"

"आमच्या मागून येत होता. मी हात वर केला, थांब म्हणून. हा माझ्याकडे न बघता शेजारून पुढेच गेला. शोधत गेलो तर पार टेकडीपलीकडे उभा. समोर ते वाळवंटातलं झाड असतं ना, फांद्या वर केलेलं, माणसाने दोन्ही हात वर केल्यासारखं? त्याच्यासमोर. झाडाने थांब म्हटलं म्हणून थांबला होता. दुपारभर! उन्हात! पाणी घेऊन! आम्ही इकडे तहानेने मेलो."

"तुला लागलं नाही ना काही?"

"अगं नाही. जीभ तेवढी सुकली."

"पाणी प्यायलास ना मग?"

"आई!"

फोन ठेवल्यावर मी पायरीवर बसले. माझ्या मुलाने हात वर केला होता आणि ते यंत्र त्याच्याकडे न बघता शेजारून पुढे गेलं होतं. गाड्याच्या पाठीवर त्या दिवशी पाण्याचे कॅन होते. त्याच्या पाठीवर काय असायचं ठरलं होतं, ते मला माहीत होतं. आणि ते का नव्हतं, तेही.

मी रस्ता ओलांडून समोर गेले. मिस्टर यानोस्को ओसरीवर बसले होते, रिकामे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दोन बोटं उचलून दाखवत होते. कंपनीची पांढरी गाडी अजून आमच्या गल्लीतून जाते, दुसरा कुणीतरी हात मांडीवर ठेवून बसलेला असतो. तिलाही ते बोटं दाखवतात. ती ओळख देत नाही.

मी त्यांना झाडाची गोष्ट सांगितली. इर्मा दारात येऊन ऐकत होती, ती हसून हसून खांबाला टेकली. मिस्टर यानोस्को हसले नाहीत. त्यांनी आपला डावा हात समोर धरून पाहिला.

"झाडासाठी थांबली," ते म्हणाले. "बघ पोरी. मी इतके महिने तिच्याबरोबर रोज बसलो. झाडासाठी थांबली."

"एमिल," इर्मा म्हणाली, "तू हात पुरेसा वर करत नसशील."